दहा आण्यांची डॉक्टर

'अर्धवेळ' हा शब्द ज्यांनी आपल्याकडे शाळेत नोकरी केली आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही. 1974 साली मी नोकरीला लागले ती अर्धवेळ शिक्षिका म्हणून. पगार अर्धा, तासही म्हणायला अर्धे. पण स्नेहसंमेलनाची तयारी, सहामाहीचे गठ्ठे, रजेवर गेलेल्या बाईंचे ऑफ तास हे सगळं मात्र पूर्ण! मस्टरवर नाव सगळ्यात शेवटी आणि शिक्षकखोलीत स्वतःची अशी खुर्ची नाही. कोणी उठलं की बसायचं. अशी तीन वर्षं काढली, मग पूर्णवेळ झाले. शाळेचं नाव सांगत नाही, आता तिथे त्यातलं कोणी राहिलेलंही नाही.

म्हणून माझ्या भाचीने जेव्हा फोनवर सांगितलं, "आत्या, मी साठ टक्के करणार आहे," तेव्हा मला आधी ती नसलेली खुर्चीच आठवली.

भाची म्हणजे आमच्या दादाची मुलगी. नाव घालायचं नाही ही तिची अट. (नातेवाईक मंडळी ओळखतीलच, पण तुम्हीही नाव घेऊ नका.) ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात न्यूरोसर्जन आहे. आपल्या सोप्या भाषेत मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. एम.बी.बी.एस. इथे झाली, पुढचं सगळं तिकडे. तिकडे या विषयाचं शिक्षण आठ वर्षांचं आहे. चार वर्षं झाली आणि 2012 मध्ये मुलगा झाला. वर्षभराची रजा संपल्यावर तिने उरलेलं शिक्षण साठ टक्के वेळाने करायचं ठरवलं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तशी रीतसर सोय आहे.

आमच्या दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, हिशोब केला. जन्म बँकेत गेलेला माणूस. साठ टक्के म्हणजे सोळा आण्यांतले साडेनऊ, चला, दहा धरू. "एवढं शिकून पोरगी दहा आण्यांची डॉक्टर झाली," असं तो म्हणाला आणि ते घरात रुळलं. वहिनी हसायची, पण दादा हसत नव्हता. आधी वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना 'माझी मुलगी मेंदूची डॉक्टर' म्हणून सांगणारा माणूस, तो विषयच काढेनासा झाला. मध्ये दोन महिने तो तिच्याशी फोनवर बोललाही नाही. फोन वाजला की पेपर घेऊन गॅलरीत जायचा.

मी हिशोब केला तो निराळा. उरलेल्या चार वर्षांचं काम साठ टक्के वेगाने करायचं तर किती लागतील? त्रैराशिक मांडलं : सहा वर्षं आठ महिने. म्हणजे शिक्षणातलं काहीच कमी होत नव्हतं. किती शस्त्रक्रिया केल्या, कोणत्या स्वतः केल्या, कोणत्या कोणाच्या देखरेखीखाली केल्या, याची तिची एक नोंदवही असते. ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वही तीच, फक्त भरायला जास्त वर्षं. शाळेत आमच्याकडे एखादी मुलगी बाहेरून बसून दोन वर्षांची परीक्षा तीन वर्षांत द्यायची, तिला आपण 'पाऊण पास' म्हणत होतो का?

पण खरं सांगायचं तर एक शंका माझ्याही मनात होती आणि ती आण्यांची नव्हती. मेंदूचं काम अर्धवेळ होतं कसं? कवटी उघडलेली आहे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीवरच्या फुग्याला चिमटा लावायचा आहे, आणि घड्याळात एक वाजला म्हणून ही हातमोजे काढून घरी निघाली, असं थोडंच चालेल?

तिला हे विचारलं तेव्हा ती खूप हसली. म्हणाली, "आत्या, अर्धवेळ म्हणजे कमी दिवस. दिवस अर्धा नसतो."

मग तिने मला नीट समजावलं. (ती समजावते छान. शिक्षकाच्या घरातली आहे, आणि इथे मी स्वतःकडे थोडं श्रेय घेते.) तिकडे पूर्णवेळ कन्सल्टंटचा आठवडा दहा भागांचा धरतात. एक भाग साधारण चार तासांचा. त्यात शस्त्रक्रियेचे दिवस, बाह्यरुग्ण विभाग, वॉर्डातली फेरी, आणि गाठी असलेल्या रुग्णांच्या बाबतीत सगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायचं ती बैठक, सगळं आलं. 2020 साली ती कन्सल्टंट झाली तेव्हा तिने दहातले सहा भाग घेतले. सोमवार, मंगळवार, गुरुवार. शिवाय रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या पाळ्या त्याच प्रमाणात. पगार सहा दशांश, निवृत्तिवेतन त्याच हिशोबाने, पण हुद्दा तोच, आणि बैठकीत मतही अख्खं. खुर्चीचं मी मुद्दाम विचारलं. आहे म्हणाली. वर तिच्या नावाची पाटीसुद्धा आहे.

त्या तीन दिवसांत ती सकाळी साडेसातला आत जाते. लांबलेली शस्त्रक्रिया आठ-दहा तासही चालते. कागदावरचे चोवीस तास प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस होतात. म्हणजे दादाने बँकेत जी पूर्णवेळ नोकरी केली जवळजवळ तेवढे! मुळात 'पूर्णवेळ' म्हणजे किती, हे तरी कुठे दगडावर कोरलेलं आहे? अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना 2003 पासून आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली, आणि तीही 'मर्यादा' बरं का! ब्रिटनमध्ये 2009 पासून सरासरी 48 तासांची आली. ज्या कामाचा पूर्ण आठवडा देशागणिक असा बदलतो, त्याचा अर्धा कोणता हे कोणी सांगावं?

तरी एक गोष्ट राहतेच, आणि ती तिनेही नाकारली नाही. मंगळवारी जिच्या डोक्यातली गाठ काढली, ती बाई बुधवारी सकाळी कशी आहे हे बघायला ही नसते. दुसरा कोणी बघतो. म्हणून तिथे दररोज सकाळी सगळे जमतात, पडद्यावर एकेकाचे स्कॅन लावतात आणि जाणारा येणाऱ्याच्या हाती एकेक रुग्ण सोपवतो. शुद्ध किती आहे तेही आकड्यात सांगतात. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांना मिळून पंधरा गुण. ही पद्धत ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये बसवली. यात शून्य नाही, कमीत कमी तीन. म्हणजे कोरा पेपर दिला तरी तीन गुण आहेतच! मी इतकी वर्षं पेपर तपासले, एवढी उदार पद्धत पाहिली नाही. पण एक गुण खाली आला तरी कोणाच्याही लक्षात यावं, पहाटे चार वाजता झोपेतून उठलेल्या माणसाच्याही, हा त्यातला अर्थ.

आम्हा शिक्षकांची टाचणवही असते तसंच हे. टाचण नीट असेल तर दुसऱ्या बाई तोच धडा तिथूनच पुढे नेतात. टाचणच नसेल तर पूर्णवेळ शिक्षकाच्या वर्गाचाही गोंधळ होतो. ती म्हणाली, सगळ्यात अवघड हे शिकणं होतं की आपण उघडलेलं डोकं दुसऱ्याच्या हाती सोपवायचं आणि घरी येऊन भाजी चिरायची. पहिल्या वर्षी ती बुधवारी तीन-तीनदा वॉर्डात फोन करायची. आता एकदा करते. त्याचा पगार अर्थातच नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांचं म्हणणं, हे मुळात बायकांचं काम नव्हे, म्हणून अशी सवलत मागावी लागते. त्यांना मी डायना बेकची गोष्ट सांगितली. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या स्त्री न्यूरोसर्जन. 'विनी द पूह' हे लहान मुलांचं पुस्तक लिहिणारे ए. ए. मिल्न यांना पक्षाघात झाला तेव्हा 1952 मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली ती यांनी. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. टी. एस. कनका 1968 मध्ये न्यूरोसर्जरीची एम.सीएच. पदवी घेऊन बाहेर पडल्या. गृहस्थ म्हणाले, "त्या पूर्णवेळ होत्या ना?" असो. काही लोकांशी जिन्यात बोलू नये.

आता दादाबद्दल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत त्याचं डोकं माळ्याच्या दाराला आपटलं. टेंगूळ आलं, गेलं. ब्याऐंशीचा माणूस, रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. महिन्याभराने तो जरा मंद वाटायला लागला. सदऱ्याची बटणं वरखाली लावायचा, चालताना एका बाजूला जायचा. वहिनी म्हणाली, वय झालं. मीही सांगलीला जाऊन पाहून आले, मलाही तसंच वाटलं.

भाचीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. दोन्ही हात समोर धरा, तळवे वर. भिक्षा मागतो तसे." दादा चिडला, पण धरले. डावा हात तसाच राहिला. उजवा हळूहळू खाली यायला लागला आणि तळवा आत वळला. दादाला पत्ताच नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "आई, आज संध्याकाळच्या आत सीटी स्कॅन करून घे. उद्या नको."

कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये डाव्या बाजूला रक्त साचलं होतं. डोक्याची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवा हात. म्हाताऱ्या माणसांत असं बारीक आपटण्यानेही होतं, आणि आठवड्यांनी कळतं. कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं. ऑइल बदलताना गाडीतून निघतं तसं काळं, पातळ निघालं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादाने सदऱ्याची बटणं बरोबर लावली आणि चहात साखर कमी म्हणून तक्रार केली.

तो फोन झाला तो बुधवार होता. पण यावर मी इमारत बांधणार नाही. रविवारी फोन झाला असता तरी तिला तेच दिसलं असतं. निदान आशा तरी तशीच.

मला सांगायचं आहे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांबद्दल. फार चांगला माणूस. आठवड्यातले ठरावीक दिवस सांगलीत, ठरावीक दिवस कोल्हापुरात, मध्ये कऱ्हाडला. संध्याकाळी आले, तासाभरात काम केलं, आमच्याशी दोन मिनिटं बोलले आणि गेले. नळी दोन दिवसांनी काढली ती दुसऱ्याच डॉक्टरांनी. मुंबईतही जुन्या काळी के.ई.एम., नायरमध्ये मोठमोठे ऑनररी डॉक्टर होते. सकाळी तिथे, दुपारनंतर स्वतःची प्रॅक्टिस. त्यांना कोणी अर्धवेळ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. लोक 'सर' म्हणून उभे राहायचे.

दादा घरी आल्यावर मी विचारलंच. "तुझे हे डॉक्टर त्या हॉस्पिटलात किती आण्यांचे रे?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते वेगळं. ते इथे नसतात तेव्हा दुसरीकडे डॉक्टरच असतात. ही घरी असते."

मला वाटतं, इतकी वर्षं आण्यांच्या आड लपलेली गोष्ट ती हीच. बाहेर घालवलेला वेळ जमेच्या बाजूला, घरी घालवलेला खर्चाच्या. बँकेत त्याने असेच रकाने आयुष्यभर भरले. मी म्हटलं, "तुझा हात खाली येताना दिसला तो घरी असलेल्या मुलीलाच." तो म्हणाला, "मास्तरीणबाई, पुरे." हे भांडण आमचं अजून चालू आहे, आणि त्यात तो हरलाय असं मी म्हणणार नाही. पोरीच्या शिक्षणासाठी त्याने कर्ज काढलं होतं, स्कूटर विकली होती. ज्याने सोळा आणे मोजले त्याला दहा दिसले की लागतं.

यंदा तिच्या विभागाने विचारलं, मुलगा तेरा वर्षांचा झाला, आता सहाचे आठ भाग करता का? तिने नाही म्हणून सांगितलं. मुलासाठी का, असं मी विचारलं. म्हणाली, "नाही गं, आता माझ्यासाठीच. या तीन दिवसांत माझा हात चांगला चालतो. पाचव्या दिवशी कसा चालायचा ते मला आठवतंय." दादाला हे अजून कोणी सांगितलेलं नाही. वहिनी म्हणते, मी सांगेन, पण योग्य वेळ बघून.

सध्या सांगलीच्या घरात कॅलेंडरवर बुधवार आणि शुक्रवार पेन्सिलीने गोल केलेले असतात. परवा दादाने मला बजावलं, बुधवारी अडीच ते साडेतीन फोन करू नकोस, त्या वेळी मी मोकळा नसतो.