काम बाहेर, किल्ली घरात

चंद्रपूरच्या बाजारपेठेतील एका जुन्या पेढीवर पिता-पुत्रांत बरेच दिवस एकच वाद चालला होता. वडिलांना खातेवही स्वहस्ते लिहिण्याची सवय. मुलाचे म्हणणे असे, की हिशेब सनदी लेखापालाकडे आणि मालाची ने-आण वाहतूकदाराकडे सोपवावी. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हा वाद निकडीचा ठरला. विवरणपत्रास उशीर झाला की विलंबशुल्क आलेच. वडिलांना भय खर्चाचे नव्हते. पेढीची आतली गोष्ट परक्याच्या हाती जाईल, हे त्यांचे दुःख होते.

या भयाचे उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील जंगलात सापडते. तेथे तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातील अवघ्या काही आठवड्यांचा. सत्तर पानांचा पुडा बांधणे गावकऱ्यांच्या हातचे काम. परंतु पुडे वाळवणे, पोत्यांत भरणे, गोदामात ठेवणे आणि बिडी कारखान्यापर्यंत पोहोचवणे यांस भांडवल व ओळखी लागतात. अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेला माल डागाळतो. म्हणून अनेक ग्रामसभा निविदा काढून ठेकेदार नेमतात. त्यामुळे गोदाम, मालमोटारी व बाजारपेठ उभी करण्याचा भार गावावर पडत नाही आणि भावाच्या चढउताराची जोखीम ती पेलू शकणाऱ्याकडे जाते. मात्र शहाणी ग्रामसभा अनामत रक्कम आधी घेते, करार लेखी करते आणि पुड्यांची मोजणी स्वतःच्या हाती ठेवते.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने हा विवेक अधिक पुढे नेला. २००९ मध्ये त्यास सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या गावात अभ्यासगटाची प्रथा आहे. बाहेरच्या जाणकारांस बोलवावे, प्रश्न विचारावेत, समजून घ्यावे. निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यावा. तज्ज्ञ सल्ला देतो, मालक होत नाही.

बाहेरचा माणूस नेमण्याचा खरा लाभ केवळ वेळेच्या बचतीत नाही. जे आपणांस येत नाही ते ज्याला येते त्याच्याकडून करवून घेतले, की जे आपल्यालाच येते त्याकडे लक्ष देता येते. परंतु काम सोपवणे वेगळे आणि दुर्लक्ष करणे वेगळे. न वाचता केलेली एक सही पिढ्यांची पत घालवू शकते.

त्या पेढीवर अखेर तडजोड झाली. हिशेब लेखापालाकडे गेले; बँकेची सही व संगणकाचा परवलीचा शब्द घरातच राहिला. वडील आता खातेवही लिहीत नाहीत. दर महिन्यास लेखापालाने पाठवलेला ताळेबंद ते चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतात, शंका असेल तेथे पेन्सिलीने खूण करतात, आणि शेजारी बसलेला मुलगा त्या खुणा वाचावयास शिकतो.