चौकात उभी

आमच्या नंदुरबारात बाई रस्त्यावरून चालते, रस्त्यावर उभी राहत नाही. भाजी घेते, दळण आणते, देवळात जाऊन येते. काम झालं की घर गाठते. टपरीपाशी, पारावर, एसटी स्टँडच्या कठड्यावर तासन् तास रेंगाळायची मुभा पुरुषांना. मीही तशीच वाढले. शाळेची वाट माणिक चौकातून जायची. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती शहीद झाले, हे दरवर्षी भाषणांतून ऐकत होते. पण त्या चौकात थांबून ती पोरं कुठल्या गल्लीतून आली असतील, पळायला वाट कुठे उरली असेल, हे डोळ्यांनी पाहिलं ते पस्तिशी उलटल्यावर, गळ्यात कॅमेरा अडकवून. कॅमेऱ्यामुळे मला उभं राहायला कारण मिळालं. कुणी विचारलंच तर सांगता यायचं, फोटो काढतेय.

कॅमेरा धाकट्या भावाचा, याशिका. तो नोकरीला सुरतेला गेला आणि कॅमेरा कपाटात राहिला. त्याआधी फोटो म्हणजे स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी, हनुवटी जरा वर. लग्नाआधी काढलेला माझा एक तसा फोटो आहे. त्यातली मुलगी मला आजही परकी वाटते. याशिकातला रोल छत्तीस फोटोंचा. धुणं, प्रिंट काढणं, सगळ्याला पैसे लागायचे. त्यामुळे बटण दाबण्याआधी पुष्कळ वेळ नुसतं बघत बसावं लागायचं. ती सवय पुढे हातात डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल आल्यावरही सुटली नाही, याचं मला फार बरं वाटतं.

माझी नोकरी बँकेत, रोखीच्या खिडकीवर. सातपुड्यातल्या मोलगीकडून, धडगावकडून उतरून आलेली माणसं अंगठा उठवायची. पासबुकावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघायचा, पैसे मोजायचे, पुढचा. त्या चेहऱ्याकडे त्यापलीकडे बघायला सवड नव्हती, आणि खरं तर तशी गरजही वाटत नव्हती.

ते बदललं मिरचीच्या पथारीवर. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ नावाजलेली. हंगामात शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर नजर पोचेल तिथवर ओली लाल मिरची वाळत पडते. बायका रांगेने बसून देठ खुडत असतात. ठसक्याने डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून नाकातोंडावर फडकी बांधलेली. फोटो काढायला ही जागा सोपी दिसते, पण तशी नाही. डिजिटल कॅमेऱ्याला भर उन्हातला लाल पेलत नाही, सगळा सडा एकच सपाट डाग होऊन बसतो. उजेड थोडा मारला तरच एकेक मिरची वेगळी दिसते. मी तेवढ्याच खटाटोपात होते. एक म्हातारी अहिराणीत म्हणाली, "काब्रं काढी ऱ्हायनी वं फोटू?" कशासाठी काढतेय, याचं मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांतला एक फोटो मोठा छापून घेऊन गेले. मला अभिमान होता तो त्यातल्या रंगाचा. बायकांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या एकमेकींना शोधायला लागल्या. तोंडं तर बांधलेली. मग ओळखायचं कशावरून? हातांवरून. "हाऊ मना हात शे," म्हातारी म्हणाली आणि आपलं वाकडं बोट फोटोतल्या बोटाशेजारी धरलं. दुसरी म्हणाली, "हाई तुनी बांगडी शे." कोण कुशीवर टेकून बसते, कोण एक पाय लांब करते, कुणाच्या करंगळीला चिंधी आहे, अशा खुणांवरून त्यांनी सगळी रांग नावांनिशी लावली. शेवटी एक बाई उरली, ती कामावर यायची थांबली होती. तिचं नाव घेतल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रत्येकीने आपापली प्रत मागितली. तेव्हापासून मी एक प्रत माणसाची आणि एक माझी असा हिशेब ठेवला. काही दिवसांनी त्यांतली एक बँकेत आली. पासबुक पुढे सरकवायच्या आत मी तिला नावाने हाक मारली. बँकेतल्या इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

रस्त्यावरच्या फोटोंविषयी पुढे मिळेल ते वाचत गेले. १९२५ साली बाजारात आलेल्या छोट्याशा लायकामुळे फोटोग्राफर तिकाटणं सोडून गर्दीत शिरला. शिकागोत मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायरने रस्त्यावर हजारो फोटो काढले आणि जवळपास कुणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये तिच्या निगेटिव्ह लिलावात निघाल्या, २००९ मध्ये ती गेली, नाव झालं त्यानंतर. सगळे तिच्या एकटेपणाबद्दल हळहळतात. मला त्या फोटोंतल्या माणसांचं वाईट वाटतं. त्यांना आपला फोटो कधी दिसलाच नाही. आपल्याकडे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, त्यांच्या कामात आणि घरांत शिरून. २०१६ साली ओलवेंना पद्मश्री मिळाली. रस्त्यावरच्या फोटोंची मला पटलेली वाट ही अशी आहे.

सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी राजवाडी होळीला आता मोठमोठ्या लेन्सा येतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरू, पहाटे पेटणारी होळी. डोळे निवतात खरे. मीही काढले आहेत ते फोटो. पण टोपाखालचा तोच तरुण दिवाळीनंतर बायको, पोरं, कोंबड्या आणि भांड्यांचं गाठोडं घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या गाडीची वाट बघत तळोद्याच्या रस्त्याला बसलेला असतो, तेव्हा तिथे एकही लेन्स नसते. होळीतला फोटो जगभर फिरतो आणि त्याच्या घरात, आधार कार्डावरचा सोडला तर, त्याचा एक फोटो नसतो. मला हा अन्याय वाटतो.

देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटली गेली. त्यानंतर डोंगरपाड्यांवर घरोघरी कार्ड पोचलं, त्यावर फोटो आला. सातपुड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी मला आपला फोटो म्हणून तोच दाखवला आहे: सरळ नजर, हसायचं नाही, पाठीमागे पांढरं. मी त्यांना अंगणात, बकरीपाशी, नातवंडांच्या गराड्यात बसवून दुसरा काढून देते. त्यात हसायची मोकळीक असते.

आज शहाद्याच्या, नवापूरच्या, धडगावच्या पोरापोरींच्या हातात माझ्या याशिकापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आहे. त्यांना एवढंच सांगते. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे टिपा, काठीची होळी टिपा, पण साध्या बाजाराच्या दिवशीही जा. पोरींनो, तुम्ही तर जाच, आणि चौकात हवा तेवढा वेळ उभ्या राहा. आधी विचारा, मग काढा. नको म्हणालं कुणी तर मोबाइल खाली घ्या. आणि काढलेला फोटो मोबाइलात ठेवू नका. छापा आणि ज्याचा त्याला नेऊन द्या.