आधी हात दाखवा

वाईट चित्र माणूस सहन करतो, वाईट आवाज नाही. व्हिडिओ थोडा हलला, अंधारा आला तरी आपण बघत राहतो. पण बोलणाऱ्याच्या आवाजावर पंख्याची घरघर चढली की अंगठा लगेच पुढे सरकतो. गेली दोन वर्षं महिन्यातल्या एका शनिवारी मी तालुक्याच्या वार्ताहरांना मोबाईलवर बातमीचे व्हिडिओ करायला शिकवते, आणि सुरुवात नेहमी इथूनच करते.

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात व्हिडिओ प्लेअरचा कोड लिहिते. नेटवर्क ढेपाळलं की तुमचं चित्र धूसर होतं, पण शक्यतो थांबत नाही. ते काम माझ्यासारख्यांचं. एकच व्हिडिओ सर्व्हरवर वेगवेगळ्या दर्जांत, काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेला असतो. पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा परवडेल हे प्लेअर ठरवत जातो. यात आवाजाला लागणारा डेटा चित्राच्या मानाने किरकोळ असतो. म्हणजे रेंज कमी असलेल्या गावातही आवाज नीट पोहोचू शकतो, फक्त तो मुळात नीट रेकॉर्ड व्हायला हवा.

म्हणून माझी यादी साधी आहे. लेन्स रुमालाने पुसा. फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर मुलाखतीच्या मध्येच कॉल येतो. पंखा बंद करा. कॉलर माईक नसेल तर माणसाच्या जवळ जा. प्रत्येक शॉट १० सेकंद न हलवता धरा.

मग येतात पाच शॉट: हातांचा क्लोज-अप, चेहऱ्याचा क्लोज-अप, लांबून पूर्ण दृश्य, खांद्यावरून दिसणारं काम, आणि एक तुमच्या मनाचा. ही पद्धत मायकेल रोझेनब्लम यांच्या नावाने ओळखली जाते. एकट्या पत्रकाराने कॅमेरा घेऊन जावं आणि बातमी पूर्ण करून यावं, हे त्यांनी बीबीसीतल्या पत्रकारांनाही शिकवलं होतं.

मराठवाड्यातल्या एका कार्यशाळेत हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एक ताई उठल्या. माझ्या आईच्या वयाच्या, पण मला मॅडम म्हणणाऱ्या. "मॅडम, हे बरोबरे. पण आमचे संपादक म्हणतात, रडणं पहिल्या तीन सेकंदांत पाहिजे."

त्या एका स्थानिक पोर्टलसाठी काम करायच्या आणि मानधन व्ह्यूजवर ठरायचं. आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी त्यांना दुसऱ्या दिवशी जायचं होतं. "त्या बाईला रडवायला मला वेळ नाही लागणार. नवऱ्याचं नाव काढलं की झालं. पण ती मला दर आठवड्याला बाजारात भेटते."

वर्गात कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एखादा व्हिडिओ असणार.

हे तीन सेकंद आले कुठून? फेसबुकवर ३ सेकंद पाहिलं की एक व्ह्यू मोजला जायचा. २०१६ मध्ये कंपनीने मान्य केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा फुगलेला होता, कारण ३ सेकंदांच्या आत सोडून गेलेले लोक त्यात धरलेच नव्हते. त्या काळात अमेरिकेतल्या कित्येक न्यूजरूमनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओवर भर दिला होता. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तो मिटवण्याचं ठरलं. तिकडे कोर्टापर्यंत गेलेलं ते तीन सेकंदांचं माप मराठवाड्यातल्या एका विधवेच्या दारात येऊन बसलं आहे.

मी रोज असे आलेख बघते. लोक कोणत्या सेकंदाला निघून गेले ते त्यात दिसतं. कॅमेऱ्यासमोरच्या बाईला उद्या बाजारात कसं वाटेल, याची रेघ त्यात नसते.

ताईंना मी एवढंच म्हटलं, "पाच शॉटमधला पहिला आठवा. आधी हात दाखवा."

दोन दिवसांनी त्यांनी व्हिडिओ पाठवला. पहिल्या शॉटमध्ये दोन हात प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून चटईवर मांडत होते: सातबारा, बँकेची नोटीस, मृत्यूचा दाखला, आणि शेवटी एक पत्र, ज्यावर लिहिलं होतं 'अपात्र'. महाराष्ट्रात अशा कुटुंबाला सरकार १ लाख रुपये मदत देतं, पण प्रकरण निकषांत बसतं की नाही हे जिल्ह्याची समिती कागदांवरून ठरवते. हे घर बसलं नव्हतं. का बसलं नव्हतं, ते ती बाई स्वतःच्या शब्दांत, न रडता सांगत होती. पंखा बंद होता. शब्द न् शब्द कळत होता.

रडणं दाखवलं असतं तर आपण हळहळलो असतो आणि पुढचा व्हिडिओ लावला असता. कागद दिसल्यावर प्रश्न पडतो, आणि तो कोणाला विचारायचा हेही कळतं. बातमी त्या पिशवीत होती.

व्ह्यूज ताईंच्या नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा कमी आले. मानधनही त्या हिशेबाने कमी मिळालं. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण चांगल्या व्हिडिओची किंमत कोण मोजतं हे लपवून चांगला व्हिडिओ शिकवता येत नाही.

त्या कार्यशाळेनंतर मी आयोजकांना एक अट घालते: शेवटचा एक तास संपादकांनी येऊन बसायचं. त्यांना मी कॅमेरा शिकवत नाही. व्ह्यू कसा मोजला जातो ते दाखवते आणि एकच सुचवते, की वार्ताहराला व्हिडिओमागे ठरलेला दर द्या, मग व्ह्यूज कितीही येवोत. बहुतेक जण घड्याळाकडे बघतात. एकाने मागच्या महिन्यात दर किती ठेवू म्हणून विचारलं, आणि मी त्याला ताईंचा पेट्रोलचा खर्च सांगितला.