देवाचा सिनेमा आणि धाकटे पोर



कृषी खात्याच्या विस्तारकामात माझी तीस वर्षे धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत गेली. बांधावर मला प्रश्न येतात ते बोंडअळीचे, केळीच्या करप्याचे आणि युरियाच्या टंचाईचे. पण २०२५ च्या श्रावणात पारोळा तालुक्यातल्या एका गावी कपाशीची बैठक आटोपली, तेव्हा एक माउली पुढे आली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आमना धाकलाले हाऊ सिनेमा दखाडू का नको?" तिच्यामागे आणखी दोघी-तिघी उत्तरासाठी थांबल्या.

सिनेमा होता 'महावतार नरसिंह'. अश्विन कुमार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रांचा सिनेमा २५ जुलै २०२५ रोजी पाच भाषांत लागला. आपल्याकडे तो हिंदीत पाहिला गेला. लोक चपला काढून खुर्चीत बसले. पुढे १९ सप्टेंबरपासून तो नेटफ्लिक्सवर आला आणि घरच्या टीव्हीवर, मोबाइलवरही पोहोचला. तेव्हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

आपल्या मनात दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. चित्रांचा सिनेमा म्हणजे पोरांचा, ही पहिली. देवाचा सिनेमा म्हणजे निर्धास्त, ही दुसरी. २००५ साली 'हनुमान' आला, २००७ साली 'बाल गणेश' आला. दोन्हींत बाळदेवाच्या खोड्या होत्या, लहान मुले हसतखेळत पाहत. त्यावरून साऱ्याच चित्रांच्या सिनेमांना आपण तोच न्याय लावतो. 'महावतार नरसिंह' सव्वादोन तासांच्या आसपास चालतो. त्यात दिती आणि कश्यप यांचा प्रसंग आहे, वराह आणि हिरण्याक्षाचे युद्ध आहे, प्रल्हादाचा छळ आहे आणि शेवटी नरसिंहाने केलेला वध आहे. रक्त आहे, आणि थिएटरातला आवाज छातीत घुमतो. मोठ्यांना तो भक्तीने भारून टाकतो. पाच वर्षांच्या पोराचे काय?

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण तुम्हाला ठाऊक आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सिनेमालाही असा त्रिकोण असतो. २०२३ च्या कायदेदुरुस्तीने सेन्सॉरच्या 'यूए' दाखल्याचे वयाप्रमाणे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. मात्र हे आकडे पालकांना विचार करता यावा म्हणून आहेत. ते पाळायला लावण्याचा अधिकार थिएटरवाल्याला नाही, त्यामुळे दारावर तुम्हाला कोणी अडवणार नाही. डब्यावरचा रंग पाहूनही फवारणी कधी करायची हे शेवटी शेतकरीच ठरवतो, तसेच हे आहे.

कोणी म्हणेल, आम्ही लहानपणी नरसिंह पाहिलाच की! खरे आहे. साक्रीकडच्या आणि नाशिककडच्या गावांत भोवाडा, बोहाडा होतो. रात्री मुखवटा लावून देव आणि राक्षस नाचत येतात. पण त्या मुखवट्याखाली कोणत्या आळीतले काका आहेत हे पोरांना माहीत असते, आणि नाच संपला की ते काका मुखवटा काढून चहा पितात. कीर्तनकार बुवाही वध एका वाक्यात उरकतात आणि प्रल्हादाच्या नामस्मरणावर तासभर रमतात. आजी तर गोष्ट सांगताना पोराचे डोळे पाहत असते. डोळे मोठे झाले की ती राक्षसाला तिथेच आवरते. पडद्याला समोर कोण बसले आहे ते दिसत नाही. म्हणून पोराचे डोळे पाहण्याचे काम आपल्यावर येते.

आमच्या घरातले सांगतो. नातू नऊ वर्षांचा, नात पाच वर्षांची. मी आधी एकटा जाऊन सिनेमा पाहून आलो. नातवाला न्यायचे आणि नातीला घरी ठेवायचे, असे ठरवले. आमच्या घरातून विरोध झाला. "देवाचाच तर आहे, त्यात काय वाईट?" नात रडली. तिला मी रात्री प्रल्हादाची गोष्ट सांगितली. होळीत तो कसा वाचला इथपर्यंत.

नातू सिंहाला भ्याला नाही. हिरण्यकश्यपू स्वतःच्या पोराला मारण्याचा हुकूम सोडतो, तिथे मात्र त्याने माझा दंड धरला. घरी येताना त्याने विचारले, "आबा, पप्पा आपल्याच पोराला मारतात का?" त्या आठवड्यात शेतात पाणी साचून कपाशी पिवळी पडली होती. माझा मुलगा घरात कावलेला असे, आणि दोनदा त्याने या पोरावर हात टाकला होता. मी म्हणालो, "तो राक्षस होता रे. तुझा बाप राक्षस नाही. त्याला कपाशीची काळजी आहे." हे बोलणे मी मुलालाही सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चर काढायला जाताना त्याने पोराला गाडीवर पुढे बसवून नेले.

म्हणून माझा सल्ला असा. सात वर्षांखालच्या मुलांना हा सिनेमा दाखवू नका, गोष्ट सांगा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना दाखवा, पण आधी स्वतः पाहा आणि मग शेजारी बसून दाखवा. थिएटरात दिवसाचा खेळ घ्या, कडेची खुर्ची घ्या आणि पोराने कान झाकले तर उठून बाहेर या. तिकिटाच्या पैशांकडे पाहू नका. घरी पाहत असाल तर मध्येच बंद करता येतो, ही मोठी सोय आहे. "पोरगा असून भितोस?" असे चुकूनही म्हणू नका. पाहून झाल्यावर त्याला काय वाटले ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.

आणि दाखवण्याआधी, आपल्या घरात सध्या कोणाचा आवाज चढलेला आहे, तेही एकदा पाहून घ्या.