हळदीची पट्टी

पावसाळी मासेमारीबंदी उठली की आठवड्याभरात माझ्याकडे धुवायला वासाची पहिली गाडी येते. मालवणच्या लिलावात घेतलेले बांगडे, थर्माकोलची तडकलेली पेटी आणि डिक्कीच्या कार्पेटात मुरलेलं बर्फाचं पाणी. मालक दार उघडून लांब उभा राहतो आणि विचारतो, “ह्यो वास जातलो मां रे?”

सुरुवातीच्या वर्षांत मी ऑल पर्पज क्लीनरची बाटली उचलायचो आणि कार्पेट भिजवून घासायचो. वास जायच्या ऐवजी भपकन वर यायचा. मला वाटे, बाटलीच हलकी निघाली. मग त्याहून कडक बाटली आणायचो आणि वास आणखी उठायचा.

उत्तर आमच्या चुलीपाशी होतं. मासे धुऊन झाले की आवस, म्हणजे आई, त्यांना कोकमाचं आगळ नाहीतर लिंबू चोळते. माशाच्या वासात मुख्य असतं ते ट्रायमिथाइल अमाइन, आणि ते आम्लारी आहे. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार बनतो, तो हवेत उडत नाही. बहुतेक ऑल पर्पज क्लीनर स्वतःच आम्लारी असतात, त्यामुळे ते या वासाला बांधत नाहीत, उलट मोकळं सोडतात. आता मी आधी थंड पाण्याने कार्पेट धुऊन पाणी ओढून काढतो. गरम पाणी वापरत नाही, त्याने माशाची प्रथिनं धाग्यात गोठून बसतात. मग तेलकटपणापुरता पातळ क्लीनर, पुन्हा पाणी, आणि शेवटी पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर. आगळाचा डाग पडतो म्हणून व्हिनेगर. त्यानंतर दिवसभर ऊन.

आमच्या किनाऱ्यावर निम्म्या मळाला क्लीनर लागतच नाही. तारकर्लीच्या वाळूवरून आलेल्या गाडीच्या पोटाला मीठ असतं, आणि मीठ विरघळवायला गोडं पाणी पुरतं. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात, तेव्हा मला बाटलीपेक्षा पाण्याची काळजी जास्त असते. जांभ्याची तांबडी धूळही आधी पाण्यानेच सोडवायची. कोरडी पुसली तर तिचे बारीक कण रंगावर चरे काढतात. क्लीनर राखायचा तो तेलासाठी, ग्रीससाठी, दरवाजाच्या फटीतल्या काळ्या चिकटासाठी, स्टिअरिंगवरच्या हाताच्या मळासाठी.

तिथेही माझ्या हातून एकदा नुकसान झालं. एका पाहुण्याच्या गाडीच्या अलॉय चाकांवर, भर दुपारी, तापलेल्या धातूवर मी कडक क्लीनर मारला आणि फोन घ्यायला गेलो. परत आलो तर जिथे लॅकर उडालं होतं तिथलं अॅल्युमिनियम दुधाळ पडलं होतं. कॉस्टिक सोड्यासारखी आम्लारी अॅल्युमिनियमचा संरक्षक थर खाते, आणि तो पांढरा डाग धुऊन जात नाही. त्या चाकांना पॉलिश करायचे पैसे मी भरले.

तेव्हापासून नवी बाटली आली की मी हळदीची पट्टी काढतो. पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावायचं आणि सावलीत वाळवायचं. वरणाच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. हळद-चुन्याचं कुंकू होतं तेही त्याच गुणामुळे. क्लीनरचा थेंब टाकल्यावर पट्टी पिवळीच राहिली तर तो डॅशबोर्डला, छताच्या कापडाला चालतो. लगेच रक्तासारखी लाल झाली तर तो अॅल्युमिनियमपासून लांब ठेवतो. किती कडक ते पट्टी नेमकं सांगत नाही, त्यासाठी पीएचचे कागद मिळतात.

पाणी घातलं की सगळं सौम्य होतं, हा समज मी गाड्या धुणाऱ्या अनेक पोरांमध्ये पाहिला. पीएच 13 च्या द्रावात दहापट पाणी घातलं तरी पीएच साधारण 12 च राहतो. आतल्या प्लास्टिकला मी 1:10 वापरतो, तेही आधीच सौम्य असलेल्या क्लीनरचं, आणि कपड्यावर मारून, थेट बटणांवर नाही. धुऊन झाल्यावर उरलेल्या ओलीला पुन्हा पट्टी लावतो. ती लाल झाली तर अजून एक हात पाणी.

बाटली घेताना फेस आणि सुगंध बघू नका. किती पाण्यात किती घालायचं आणि अॅल्युमिनियमवर चालतं का, हे दोन्ही तिच्यावर छापलेलं नसेल तर ती दुकानातच राहू द्या. घेतलीत तर पहिला थेंब सीटखाली, दिसणार नाही अशा जागी टाकून बघा.