उचल आणि फेड

आल्प्सच्या ज्या घाटवाटा सायकलस्वारांनी तीर्थयात्रेच्या पदवीला नेऊन बसविल्या आहेत, त्यांतील स्तेल्व्हिओ हा २,७५७ मीटर उंचीचा घाट ऑस्ट्रियाच्या बादशाहीने लोंबार्डीचा मुलूख ताब्यात राहावा म्हणून १८२५ साली बांधून पुरा केला, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. उंचीत आमचा सह्याद्री त्या हिमपर्वताच्या गुडघ्याशीही पोहोचत नसला, तरी राज्यकर्त्यांची गरज दोन्हीकडे एकच होती.

तो बोरघाट आमच्या वाट्याला रविवारी यावयाचा होता. शनिवारी ताम्हिणी उतरून रोह्यास मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी नागोठणे, पेण, खोपोली करीत बोरघाटाने पुन्हा देशावर यावे, असा बेत सरकारी कोषागारातून निवृत्त झालेल्या माझ्या स्नेह्यांनी आखला होता, माघाच्या थंडीत पहाटे पुणे सोडताना त्यांनी तो एका वाक्यात सांगूनही टाकला : “आजचा उतार ही उचल समजा, वसुली उद्या.”

मुळशीचा जलाशय दिसू लागला तेव्हा मात्र हा जमाखर्च निव्वळ थट्टेचा उरला नाही. मुळा नदीचे जे पाणी सृष्टिक्रमाने भीमेला मिळून पूर्वसमुद्रास जावयाचे, ते टाटा कंपनीने येथे अडवून पश्चिमेस वळविले, आणि १९२७ पासून ते भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करू लागले. परंतु त्यापायी ज्या मावळ्यांची भातखाचरे बुडावयाची होती, त्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला, तुरुंग सोसले, आणि अखेर जमिनी गमावल्या. त्या पाण्यामागोमाग आम्हीही माथ्यावरून कोकणात लोटले गेलो. ब्रेक दाबून दाबून बोटे आखडली की वळणावर थांबावे, चाकाची कड किती तापली ते हाताने चाचपून पाहावे आणि पुन्हा स्वतःला उताराच्या हवाली करावे, असे करीत कोलाडला पोहोचलो, तो कुंडलिका भरल्या अंगाने वाहत होती. ह्या दिवसांत सह्याद्रीच्या इतर लहान नद्या पात्रातले दगड उघडे टाकून बसलेल्या असतात. हिच्यात भिऱ्याहून सुटलेले मुळशीचे पाणी असते.

त्याच नदीच्या काठी रोहा हा तालुक्याचा कसबा आहे. येथील ग्रामदैवत धावीर महाराज ह्यांच्या पालखीला दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर व पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख ह्याच गावात वाढले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडून दिले, ही हकीकत माझ्या स्नेह्यांनी आपल्याच खात्यातील वडीलधाऱ्याची सांगावी तशा अभिमानाने सांगितली. रात्री यजमानांच्या वाडीत पोपटी लागली : मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी आणि जाडे मीठ, वर पुन्हा पाला, मग मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटविला. वाफाळत्या शेंगांना त्या पाल्याचा जो कडवट सुवास आला होता, त्यापुढे दिवसभराचा शीण टिकला नाही.

रविवारी उजाडता उजाडता भिसे खिंड ओलांडून नागोठण्यास आलो. चौलच्या काजी अलाउद्दीनने १५८० च्या सुमारास बांधविल्याचे सांगितले जाते तो येथील दगडी पूल इतका अरुंद आहे, की त्यावर सायकलीने जाणाऱ्यालाच काय ते ऐसपैस वाटावे. पेणला कारखान्यांतून गणपतीच्या पांढऱ्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, भाद्रपद अजून लांब. एका अंगणात बाया खाटेवर पापड पसरीत होत्या. पुढे खोपोलीच्या रस्त्यावरून गागोद्याकडे वाट फुटते. तेथे १८९५ मध्ये विनोबांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर सक्तीने घेतलेल्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला, आणि त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मलेल्या ह्या पुरुषाने १९५१ पासून पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली. माझे हिशेबी स्नेही त्या फाट्यावर काही वेळ सायकल धरून नुसतेच उभे राहिले.

मग वसुली सुरू झाली. एके काळी पेणच्या मिठागरांतले मीठ लमाणांच्या बैलांवरून ज्या घाटाने देशावर चढे, त्याच घाटात सर्वांत लहान गिअरवरही पाय जड झाले. निम्म्या चढावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने इंग्रजांना ही वाट दाखविली अशी लोककथा आहे, त्याचे हे स्थान. येणारेजाणारे तेथे नाणे टाकतात. मी नाणे वाहून वळलो, तेव्हा स्नेही माझ्या पाठीकडे पाहत होते. सदऱ्यावर घाम वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

“मीठ वर नेताय,” ते म्हणाले, “जकात भरलीत, ते बरं केलंत.”