घरकुलासाठी उचल

माझ्या धाकट्या भावाच्या घरकुलाला मंजुरी मिळाली ती 2025 च्या फेब्रुवारीत. त्या महिन्याच्या 22 तारखेला पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला, केंद्रीय गृहमंत्री आले होते. राज्यातल्या 20 लाख कुटुंबांना मंजुरीपत्रं आणि 10 लाख जणांना पहिला हप्ता एकाच दिवशी, असं जाहीर झालं. आमच्या गावातही पत्रं वाटली. नाव पुकारलं की माणूस उठायचा, पत्र घ्यायचा, फोटो निघायचा. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच नावांना कुणी उठलंच नाही. मग त्यांची म्हातारी माणसं, नाहीतर माझ्यासारखी मागं राहिलेली बहीण पुढं झाली. ज्यांची घरं होणार होती ती माणसं तेव्हा उसाच्या फडात होती.

बीड जिल्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बालाघाटाच्या रांगेतली आमची गावं, मुरमाड जमीन, एका पावसाचं पीक. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडं दसरा झाला की ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर भरायला लागतात. बाजरीचं पोतं, भांडी, अंथरुणं, शेळी, कोंबड्या आणि वर लेकरं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर. काही टोळ्या पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणारा मुकादम त्या कोयत्याला आगाऊ पैसे देतो, ती उचल, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. माझे आई-वडील असेच जायचे. मी लहानपणी निम्मं वर्ष फडावरच्या झोपडीत, कोपीत काढलं. नंतर आजीपाशी राहून शिकले, अंगणवाडी सेविका झाले, म्हणून माझ्या हाती कोयता आला नाही. भावाच्या हाती आला.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही 2016 ची. सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये तेव्हा ठरले. 2024 मध्ये केंद्राने आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, तेव्हाही रक्कम तीच ठेवली. एवढ्या वर्षांत सिमेंट, सळई, वीट, गवंड्याची हजेरी, यातलं काय जागेवर राहिलं? राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. शिवाय शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. कागदावर बेरीज बरी दिसते. पण पैसा हप्त्यानं येतो, आणि हप्ता काम झाल्यावर येतो. पहिला हप्ता 15 हजारांचा. त्यात जोतं काढायचं, जोत्याचा फोटो जिओ टॅग करायचा, मग 70 हजारांचा दुसरा. 15 हजारांत पाया खणून, दगड भरून जोत्यापर्यंत आणून देणारा गवंडी मला आमच्या पंचक्रोशीत मिळाला नाही.

त्याआधीच एक अडचण निघाली. खातं भावजयीच्या नावावर, आणि त्याची केवायसी राहिलेली. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आक्का, आत्ता कसं येऊ? मुकादम सोडंना. खाडा पडला की पैसे कापतो." शेवटी कागद घेऊन मीच निघाले. भावाची टोळी कराडकडं होती. केज, बार्शी, पंढरपूर करत कराडला पोचायला रात्र झाली. भाऊ कुणाची तरी मोटारसायकल मागून घ्यायला आला होता.

कोपी रात्री नीट दिसली नाही, सकाळी पाहिली. बांबूच्या कमानी, त्यावर पाचट आणि फाटकी ताडपत्री. आत शिरायचं तर कमरेत वाकून. अशा वीसेक कोप्या एका ओळीत, मधून सांडपाण्याचा ओघळ. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीचं, वीज असेल तेव्हा. संडास नाही. बायका अंधार असतानाच उठून उसाच्या कडेनं जाऊन येतात. भावजय तीन वाजता उठली, भाकरी थापल्या, धाकट्याला पोटाशी झोपलेलं सोडवून थोरलीजवळ सरकवलं आणि फडात गेली. थोरली सात वर्षांची. दिवसभर धाकट्याला तीच सांभाळते. गावच्या शाळेच्या पटावर तिचं नाव आहे.

दुपारी भावजयीला घेऊन जवळच्या गावातल्या सेवा केंद्रावर गेले. अंगठा लावायचा होता. मशीननं घेतला नाही. दुसरा हात, तोही नाही. तिनं नळावर हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा लावला. केंद्रावरचा मुलगा भला होता, त्यानं खोबरेल आणून दिलं. मी तिचा पंजा हातात घेऊन पाहिला. कोयत्याच्या मुठीनं आणि पाचटाच्या धारेनं बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसट झालेल्या, तर्जनीवर चिरांचं जाळं. शेवटी मधलं बोट लागलं. "रेशनच्या दुकानात बी असंच व्हतं," ती म्हणाली, "मग तो म्हणतो उद्या या." रेशन आता कुठल्याही गावात मिळतं, अशी सोय सरकारने केली आहे आणि ती सोय चांगलीच आहे. पण दुकान तीन-चार किलोमीटरवर, अंगठा लागत नाही, आणि उद्या टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. म्हणून ती बाजारभावानं तांदूळ घेते, आणि गावाकडचं धान्य त्या महिन्यात उचलायचं राहून जातं.

त्याच दिवसांत नव्या घरकुल यादीसाठी आवास प्लसचं सर्वेक्षण चालू होतं. ज्यांचं नाव आधीच्या यादीत नाही, त्यांनी मोबाईलवरच्या अ‍ॅपवर नोंद करायची, चेहरा ओळखून आधार तपासणार. मुदत आधी 31 मार्चपर्यंत होती, पुढं ती वाढली. आमच्या वस्तीतली माणसं मला फोन करायची: "ताई, नाव राहील का आमचं?" पण घर दाखवायचं तर माणूस घरापाशी पाहिजे, आणि माणूस तीनशे किलोमीटरवर. आमचे ग्रामसेवक वाईट नव्हते, त्यांच्यावर वरून रोजच्या आकड्याचा तगादा होता. ते म्हणायचे, कुलूप असलेल्या घराचं मी काय करू? मला त्यांचा राग आला नाही. ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांना बीडचं वर्ष कसं चालतं हे माहीत नसेल, असं मी मानायला तयार नाही. जानेवारी ते मार्च आमचा जिल्हा रिकामा असतो, हे मुंबईतल्या मंत्रालयाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मतदानाच्या वेळी आम्हाला आणायला गाड्या बरोबर फडापर्यंत पोचतात.

मार्चअखेर भाऊ परतला. त्या हंगामात गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं, ऊस कमी होता, बरेच कारखाने लवकर बंद झाले. तोड कमी झाली, उचल पूर्ण फिटली नाही, बाकी पुढच्या हंगामावर गेली. तशातच घराचं काम काढलं. जोत्यासाठी सोन्याचे मणी मोडले. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, बांधकामाला टँकर विकत. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत, पण नदीवरून गावात आणायचं भाडं आपलं. मे महिन्यात अवकाळी पाऊस लागला, भिंती उघड्या राहिल्या. रोजगार हमीच्या 90 दिवसांचे, 312 रुपयांनी, 28 हजार 80 होतात. मस्टर निघायला महिने लागले आणि सगळे दिवस भरलेच नाहीत. दुसरा हप्ता आला तो विटा आणि सळईतच गेला. स्लॅबसाठी पैसा उरला नाही. स्लॅब पडल्याशिवाय पुढचा 30 हजारांचा हप्ता नाही.

मग भावानं जे केलं ते आमच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरकुलवाल्यानं केलं आहे. त्यानं जुलैतच मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. दीड लाख. मागची बाकी वेगळी. त्या पैशानं स्लॅब पडला.

हे मी अंगणवाडीत बसून रोज पाहते. सरकारने अर्ध्या घराचे पैसे दिले आणि उरलेल्या अर्ध्यासाठी माणूस मुकादमाच्या दारात गेला. ज्या कर्जातून सुटायला पक्कं घर हवं, तेच घर त्याला आणखी दोन हंगाम बांधून टाकतं. आणि ते फेडायला तो बाहेर, म्हणून नव्या घराला निम्मं वर्ष कुलूप. लेकरं पुन्हा कोपीत.

मजुरीचा हिशेब साधा आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, टनाला 366 रुपये झाले. त्या वाढीसाठी संप करावा लागला होता, ती फुकट मिळाली नाही. दोघांनी पहाटेपासून राबून दोन टन तोडला तर दिवसाचे 732. रोजगार हमीवर गावात दोघांना 624 मिळाले असते, संध्याकाळी घरी येऊन. नुसत्या मजुरीत एवढाच फरक. पण रोजगार हमी दीड लाख आधी हातात देत नाही, आणि मागेल तेव्हा कामही मिळत नाही. लग्न, दवाखाना, घर या तिन्हीला रोख एकदम लागते. आमच्या माणसांना ती कुठली बँक देत नाही, मुकादम देतो.

मी गेले तेव्हा शेजारच्या रानात तोडणी यंत्र चालू होतं. भाऊ म्हणाला, "आता ह्येच येणार सगळीकडं." त्या यंत्राला सरकारचं अनुदान 40 टक्के किंवा 35 लाख, यातलं जे कमी असेल ते. यंत्राला माझा विरोध नाही, त्या कामानं बायकांच्या कमरा मोडल्या आहेत. पण यंत्राला लाखांनी देता येतं, तर तोडणाऱ्याच्या घराला पुरेसं का देता येत नाही, एवढं कुणीतरी आम्हाला समजावून सांगावं.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याला कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असा निर्णय आहे. संत भगवानबाबांच्या नावाने मुलांची वसतिगृहं मंजूर झाली आहेत, त्यातली काही सुरूही झाली आणि जिथं सुरू झाली तिथं मुलं टिकली. ती वाढवावीत. पण कामाच्या जागी राहायचं काय? ज्या भागात दर हंगामात हजारो माणसं येतात, तिथं पत्र्याच्या खोल्या, नळ आणि संडास उभे करणं कारखान्याला आणि सरकारला जड नाही. बॉयलर पेटवायची तयारी ते दर वर्षी करतातच.

भावाचं कुटुंब 2025 च्या दिवाळीनंतर पुन्हा गेलं. घराला खिडक्या नाहीत, गिलावा नाही.

34 टक्के वाढीचा तो करार तीन हंगामांचा होता, त्याची मुदत 2025-26 च्या हंगामापर्यंतची. पुढच्या बोलणीला जे बसतील, संघटनांचे असोत, साखर संघाचे असोत की सरकारचे, त्यांना माझं सांगणं आहे. दरासोबत मजुराच्या राहण्याच्या जागेचं कलम लिहून घ्या. घरकुलाचा पहिला हप्ता निदान जोतं निघेल एवढा करा. आणि बीड जिल्ह्यातलं कुठलंही सर्वेक्षण, कुठलंही वाटप एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांतच ठेवा. तेव्हा आमची माणसं घरी असतात.